34 हजार मिळत असताना 24 हजारच का घ्यायचे?

मे-जून आला की घरभाड्याची पत्रं वाढतात, कारण आपल्याकडे बरीच अॅग्रीमेंट्स शाळांच्या हिशोबाने याच सुमाराला संपतात आणि तेव्हाच घराघरात हा विषय निघतो. यंदा एक गोष्ट वेगळी दिसली. "माझा हक्क काय" असं विचारणाऱ्यांपेक्षा "माझं बरोबर आहे ना" असं विचारणारी पत्रं जास्त आली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच एका प्रश्नाला देतेय: बाजारात जेवढा भाव चाललाय तेवढा पूर्ण घ्यायलाच हवा का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी 68 वर्षांचा, रिटायर्ड. कोथरूडला आमचे दोन फ्लॅट आहेत, एकात आम्ही दोघं राहतो आणि दुसरा टू बीएचके भाड्याने दिलाय. चार वर्षांपासून एकच कुटुंब आहे, नवरा वर्कशॉपमधे, बायको हॉस्पिटलमधे नर्स, दोन मुलं जवळच्याच शाळेत. भाडं 24 हजार, एकदाही उशीर नाही, घर स्वच्छ ठेवतात, माझी बायको पडली होती तेव्हा रात्री दोन वाजता तीच नर्स मुलगी धावत आली. आता अॅग्रीमेंट संपतंय आणि एजंट म्हणतो काका आरामात 34 मिळतील, आयटीवाले लाईन लावून उभे आहेत. मुलगा म्हणतो बाबा आपण काय धर्मादाय संस्था काढलीये का. सोसायटीतले दोघं-तिघं तर म्हणाले तुम्ही कमी घेता म्हणून आमचा रेट खराब होतो. मला झोप लागत नाहीये. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर: काका, आधी एजंटच्या 34 कडे नीट बघूया. हा आकडा वरून कोणी ठरवून पाठवलेला नाही. तुमच्या बिल्डिंगमधे किंवा शेजारच्या गल्लीत गेल्या काही महिन्यांत जे दोन-तीन व्यवहार झाले त्यातला सगळ्यात वरचा आकडा म्हणजे एजंटच्या तोंडचा "रेट". वेबसाईटवर दिसतो तो तर मागितलेला भाव असतो, ठरलेला नव्हे. आणि एजंटला पैसे मिळतात भाडेकरू बदलला की. तेच कुटुंब राहिलं तर त्याला काहीच नाही, नवीन आलं तर एका महिन्याचं भाडं, बऱ्याचदा दोन्हीकडून. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला नावं ठेवत नाही मी, पण सल्ला कुठून येतोय ते माहीत असावं.

आता कागद-पेन घ्या. महिना 10 हजार जास्त म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार. घर एक महिना रिकामं राहिलं तर 34 हजार गेले. चार वर्षं लहान मुलं राहिलेलं घर, रंग काढायलाच लागेल, चाळीसेक हजार धरा. एजंटने तुमच्याकडूनही घेतलं तर आणखी 34. रिकाम्या महिन्याचा मेंटेनन्स तीन हजार. एकूण 1 लाख 11 हजार. म्हणजे पहिल्या वर्षी एवढी सगळी उलथापालथ करून हातात 9 हजार, त्यावर टॅक्स लागत असेल तर तो वेगळा.

पण मी तुम्हाला फक्त हा हिशोब सांगून थांबले तर ते अर्धसत्य होईल, कारण दुसऱ्या वर्षापासून तो 10 हजाराचा फरक खरोखरच तुमच्या खिशात येणार आहे, नवा भाडेकरूही चांगला निघाला तर. तेव्हा "कमी घेण्यातच फायदा आहे" असं मी म्हणणार नाही. बऱ्याच लेखांमधे हेच लिहिलेलं असतं की चांगला भाडेकरू म्हणजेच खरी कमाई वगैरे, आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. मला वाटतं कमी घ्यायचं असेल तर ते पैसे आपण सोडतोय हे मान्य करून सोडावं.

मग सोडावेत का? तुम्हाला मी दोन गोष्टींचा विचार करायला सांगेन. पहिली म्हणजे तुमची स्वतःची गरज. तुमच्या दोघांची औषधं, मेडिक्लेमचा हप्ता, पुढे कधी घरात माणूस ठेवायची वेळ, हे सगळं पेन्शनमधे बसतंय का? बसत नसेल तर पूर्ण भाडं घ्या, त्यात पाप काहीही नाही, घर तुमचं आहे, हप्ते तुम्ही फेडलेत, आणि त्या काळी होम लोनचं व्याज काय असायचं ते मला माहितीये. दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे. हा फ्लॅट तुम्ही घेतला तेव्हा कोथरूड म्हणजे शहराचं टोक होतं. आज तिथे 34 हजार का मिळतात? फ्लॅट तर तोच आहे, उलट जुना झालाय, लिफ्ट सारखी बंद पडत असेल. वाढलं ते आजूबाजूचं. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, रस्ते झाले, शाळा, दवाखाने, आयटीच्या नोकऱ्या आल्या. यातलं तुम्ही-मी काय केलं? मेट्रोसाठी तर घर घेणारा प्रत्येक माणूस स्टँप ड्युटीत 1 टक्का वेगळा मोजतोय. तुमचे भाडेकरूही याच शहरात काम करतात, ती नर्स ज्या हॉस्पिटलमधे रात्रपाळी करते त्या हॉस्पिटलमुळेही तुमच्या गल्लीचा भाव वाढतो. म्हणजे भाव वाढवायला तिचाही हातभार लागला आणि त्याच वाढलेल्या भावाने तिला घर सोडावं लागणार, हे मला कधीच पटलेलं नाही. पंचवीसेक वर्षं भाडेकरारांची कामं केली मी, दोन्ही बाजूंची, आणि दर जूनमधे शाळा बदललेली मुलं बघितली.

सोसायटीतल्या लोकांना स्वच्छ सांगा की माझ्या घराचं भाडं मी ठरवतो. "आमचा रेट खराब होतो" याचा अर्थ एवढाच की सगळ्यांनी मिळून वाढवलं तर सगळ्यांना जास्त मिळेल. हाच भाव पुढच्या वर्षी परत "मार्केट" म्हणून आपल्यासमोर येतो आणि आपण म्हणतो काय करणार, मार्केटच तसं आहे. अहो, मार्केट म्हणजे अशीच आपण दहा-वीस माणसं असतो.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. भाडेकरूंना घरी बोलवून (चहाला बोलवा, व्हॉट्सअॅपवर नको) एजंटचा आकडा खरा सांगितला असता आणि म्हटलं असतं की पहिल्या वर्षी 27 हजार, दुसऱ्या वर्षी साडेअठ्ठावीस, तिसऱ्या वर्षी 30, आणि तीन वर्षांचं अॅग्रीमेंट एकदमच करून टाकू. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात 11 महिनेच बसलेत, कारण पूर्वी 11 महिन्यांच्या आत ठेवलं की रजिस्टर करावं लागत नाही असा समज होता. महाराष्ट्रात तो आता चुकीचा आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, रजिस्टर करावंच लागतं, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. 60 महिन्यांपर्यंत करता येतं. खर्चही फार नाही: वरच्या आकड्यांप्रमाणे तीन वर्षांचं भाडं 10 लाख 26 हजार, त्यावर पाव टक्का, शिवाय डिपॉझिट 1 लाख असेल तर त्यावर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्याचाही पाव टक्का, म्हणजे सगळी मिळून स्टँप ड्युटी 2,640 रुपये आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1 हजार. तीन वेळा अकरा-अकरा महिन्यांचं करत बसण्यापेक्षा केव्हाही बरं, आणि त्या मुलांची शाळा तीन वर्षं पक्की.

34 च्या तुलनेत तीन वर्षांत तुम्ही साधारण 2 लाख सोडताय. मुलाला हा आकडा लपवू नका. उद्या ते घर त्याचंच होणार आहे, त्याला कळू दे की बाबांनी समजून-उमजून केलंय.

आणि एक विनंती, ही सगळ्याच घरमालकांना. कमी भाडं घेताय म्हणून त्याची वसुली दुसरीकडून करू नका. नळ गळतोय तर "एवढ्या कमी भाड्यात आणि काय पाहिजे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि पाहुणे आले की भाडेकरणीला पोळ्या लाटायला बोलावणं, येता-जाता सुनवणं. असं करायचं असेल तर सरळ 34 घ्या. त्या बाईला पूर्ण भाडं देऊन ताठ मानेने राहणं कदाचित जास्त आवडेल. तुमच्या बायकोसाठी ती रात्री धावून आली ते शेजारधर्म म्हणून आली, तिचा त्या रात्रीचा हिशोब भाड्यात मांडू नका, ना तिच्या बाजूने ना तुमच्या.

प्रश्न: मी वाकडला राहतो, आयटीत आहे. अॅग्रीमेंट 11 महिन्यांचं, त्यातले पाच झालेत. काल ओनरचा मेसेज आला की बाकी सगळ्यांनी वाढवलंय, पुढच्या महिन्यापासून 22 चे 31 करा नाहीतर खाली करा. असं करता येतं का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: नाही. रजिस्टर झालेल्या अॅग्रीमेंटमधे जो आकडा आहे तोच मुदत संपेपर्यंत. फक्त त्यातला नोटीसचा क्लॉज आधी वाचा, कारण बऱ्याच छापील अॅग्रीमेंट्समधे दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटीसवर करार संपवता येतो असं असतं आणि सही करताना कोणी बघत नाही. लॉक-इन पिरियड, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो, लिहिलेला असेल तर तुमची बाजू भक्कम. मेसेजला उत्तर मेसेजनेच द्या, सभ्य भाषेत, फोनवर भांडू नका.

पण मुदत संपल्यावर मात्र ओनर नवा आकडा मागू शकतो आणि तेव्हा तुम्ही घर न सोडता बसून राहिलात तर कायद्याने दुप्पट भाडं द्यायची वेळ येऊ शकते, तेव्हा ते करू नका. उरलेल्या सहा महिन्यांत शोधून ठेवा, किंवा ओनरला आत्ताच सांगा की मुदत संपल्यावर 25 ने मी आनंदाने राहीन. तुमचा राग मला समजतो. "बाकी सगळ्यांनी वाढवलं" हे कारणच नाही. मेंटेनन्स वाढला, हप्ता वाढला असं सांगितलं असतं तर निदान बोलता तरी आलं असतं.

प्रश्न: तुम्ही मागेही घरमालकांना मन मोठं करा असं लिहिलं होतंत. आम्ही गिरगावातले जुने चाळमालक. आजोबांनी बांधलेली तीन मजली चाळ, 22 बिऱ्हाडं, एका खोलीचं भाडं महिना 180 रुपये. त्यात जिन्याचा दिवासुद्धा बदलून होत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचे दोन फ्लॅट कांदिवलीला आहेत आणि इथली खोली कुलूप लावून ठेवलीये. आमचं मन कायद्यानेच मोठं करून ठेवलंय गेली ऐंशी वर्षं. आमच्यासाठी तुमच्याकडे काय उत्तर आहे? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची तक्रार खरी आहे आणि मागच्या वेळी मी तुमच्यासारख्यांचा विचार न करता लिहिलं, तेही खरं.

मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढले. दीडशे फुटाची खोली, सहा माणसं. भाडं इतकं कमी होतं की आई ते डब्यातल्या सुट्ट्या पैशांतून द्यायची. आम्ही मालकाला शिव्या द्यायचो, गॅलरीचे खांब कुजलेत, संडासची दारं तुटलीत. एका पावसाळ्यात शेजारच्या खोलीत छताचा मोठा पोपडा पाळण्याशेजारी पडला, बाळ वाचलं. मालकाच्या हातात तरी काय होतं हे मला फार उशिरा, कायदा शिकताना कळलं.

हे असं झालं कसं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं लोटली, घरं कमी, भाडी भडकायला लागली, म्हणून ती गोठवली. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं तेच प्रमाण धरलं. तेव्हा ते योग्यच होतं, गिरणीतला माणूस रस्त्यावर आला नाही तो त्यामुळे. चूक झाली ती पुढे, ते तसंच ठेवण्यात. 1997 च्या डिसेंबरमधे सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग 1999 चा कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला 4 टक्के वाढ दिली. तुमच्या 180 वर 4 टक्के म्हणजे 7 रुपये 20 पैसे.

काकांना वर जे सांगितलं आणि तुमचं जे चाललंय त्यात मला मोठा फरक दिसतो. काका ठरवून, मुदत घालून, समोरच्याची गरज बघून कमी घेतायत, आणि तीन वर्षांनी परत बोलता येणार आहे. तुमच्याकडून कमी घेतलं जातं, कायमचं, आणि समोरच्याला गरज आहे की कांदिवलीला दोन फ्लॅट आहेत हे कोणी विचारत नाही. भाडं इतकं उतरलं की त्यातून इमारत उभीसुद्धा राहत नाही, तर ते राहणाऱ्याच्याही जिवावर उठतं. कमी भाड्याची ही खालची मर्यादा मी मानते: घर धडधाकट ठेवण्याइतके पैसे त्यातून निघालेच पाहिजेत.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण तुमच्या पत्रात ती नाही. त्या 22 बिऱ्हाडांपैकी बऱ्याच जणांनी कधीतरी पागडी, म्हणजे खोली मिळवताना एकरकमी द्यायचे पैसे, मोजली असणार. तुमच्या आजोबांना नाही तर आधीच्या भाडेकरूला, आणि त्यातला वाटा मालकाला गेला असणार, साधारण तिसरा हिस्सा असा रिवाज आहे. 1999 च्या कायद्याने तर पागडी घेणं अधिकृतच केलं. त्या माणसाच्या लेखी त्याने खोली जवळपास विकतच घेतलीये, दरमहाचं 180 हे त्याला भाडं वाटतच नाही. म्हणून "फुकट राहतात" म्हटलं की भांडण पेटतं.

मार्ग काय तर चार गोष्टी बघा. तळमजल्यावर एखादी बँक, सरकारी कंपनी किंवा 1 कोटी वा त्याहून जास्त भरणा झालेल्या भांडवलाची कंपनी भाडेकरू असेल तर तिला भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही, तिच्याकडून बाजारभाव घ्या, पूर्ण घ्या, तिथे मी अजिबात हात आखडा म्हणणार नाही. कुलूपबंद खोलीबद्दल वकिलाशी बोला, भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सहा महिने सलग वापरली नसेल तर ताबा मागता येतो, पण केस वर्षानुवर्षं चालते हे धरून चला. इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा सरकारी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटाचं घर मिळतं आणि तुम्हाला तुमचा हिस्सा, आणि माझ्या अनुभवात हाच एक रस्ता आहे ज्यात दोघंही सुटतात. चौथी गोष्ट कायद्यातली नाही. सगळ्या बिऱ्हाडांना एकदा बसवून इमारतीचा वर्षाचा खर्च फळ्यावर लिहा. एका चाळीत मी हे होताना बघितलंय, भाडं तेवढंच राहिलं पण प्रत्येकाने महिना ठरावीक रक्कम दुरुस्ती फंडात टाकायला सुरुवात केली, कुणाच्या धाकाने नाही, जिन्याची अवस्था रोज सगळेच बघत होते.

प्रश्न: आमचं नाशिकला वडिलांचं घर, मी आणि माझा भाऊ दोघांच्या नावावर. भाऊ अमेरिकेत असतो, न्यू जर्सीला. त्या घरात 14 वर्षं एक कुटुंब भाड्याने आहे, वडील आजारी असताना त्यांनी मुलासारखं केलं. आज घराचे 42 लाख येतील. मला ते त्यांनाच 30 लाखात द्यायचंय, त्यांना कर्ज तेवढंच मिळतंय. सीए म्हणतो असं कमी किमतीत विकलं तर टॅक्सचा लफडा होईल. आपल्याच घराचे कमी पैसे घ्यायलाही सरकारची परवानगी लागते का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: परवानगी लागत नाही, पण सीए बरोबर सांगतोय. नियम असे का आहेत ते सांगते. आपल्याकडे वर्षानुवर्षं कागदावर कमी आणि उरलेलं रोख असं चालत आलंय. ते पकडायला सरकारने रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनेच त्या भागासाठी ठरवून दिलेला दर धरला. स्टँप ड्युटी व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातलं जे जास्त त्यावर लागते. इन्कम टॅक्सवाले त्याच्यापुढे जातात: रेडी रेकनरची किंमत विक्रीच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वर असेल तर विकणाऱ्याने रेडी रेकनरचेच पैसे घेतले असं धरून टॅक्स लावतात, आणि घेणाऱ्यालाही तो फरक उत्पन्न म्हणून लागतो. म्हणजे तुमच्या चांगुलपणाचा टॅक्स त्या बिचाऱ्यांना भरावा लागेल. जवळच्या नातेवाईकाला बक्षीस दिलं तर सूट आहे, मुलासारख्या माणसाला नाही.

म्हणून आधी त्या घराची रेडी रेकनरची किंमत काढा, बाजारभाव बाजूला ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती बाजारभावापेक्षा कमी असते. ती 33 लाख किंवा त्याखाली आली तर 30 लाखात विकायला काहीच अडचण नाही, कारण 30 वर 10 टक्के म्हणजे 33. जास्त आली तर तुमचा आकडा तेवढा वर न्यावा लागेल. आणि घर त्या घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर करता आलं तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, 33 लाखांवर ते 33 हजार होतात, त्यांच्यासाठी मोठी रक्कम आहे ती.

भाऊ परदेशात आहे हे सीएला सांगितलंत ना? भारतात राहणारा विकत असेल तर 50 लाखांखाली टीडीएस कापावा लागत नाही, पण विकणारा एनआरआय असेल तर रक्कम कितीही असो त्याच्या हिश्श्यावर कापावाच लागतो, आणि कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. त्या कुटुंबाला हे माहीत नसणार आणि नोटीस त्यांना येईल. भावाने कमी टीडीएसचं सर्टिफिकेट आधीच काढून घेतलं तर सोपं जाईल.

आता टॅक्सपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या सगळ्या पत्रात भावाचं मत कुठेच नाही. 12 लाख सोडायचेत, त्यातले 6 त्याचे आहेत. त्याला अमेरिकेत काय कमी आहे असं तुमच्या मनात असेल, पण तिथे त्याच्या नोकरीचं, घराच्या हप्त्याचं काय चाललंय ते तो दर फोनवर सांगेलच असं नाही. त्याला विचारा, आणि "नाही" म्हणायची मोकळीक देऊन विचारा. तो म्हणाला की मला माझ्या हिश्श्याचे 21 हवेत, तर ते त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मग आलेल्या 30 मधले 21 त्याला आणि 9 तुम्हाला. तेवढ्यावर तुम्ही तयार असाल तरच पुढे जा. आणि वरचे काही लाख रोखीने देतो असं मधला कोणी सुचवेल, ते अजिबात करू नका, ज्या माणसांसाठी हे करताय त्यांच्याच नव्या घरावर किटाळ नको.

तुमची एक शंका पत्राच्या शेवटी होती, की त्यांनी घेऊन वर्षभरात 42 ला विकून टाकलं तर? विकू शकतात. तशी अट घालू नये असं मला वाटतं. 14 वर्षं दुसऱ्याच्या घरात राहिलेल्या माणसाला एकदाचं स्वतःचं घर मिळणार, ते त्याला पूर्ण त्याचं वाटू दे.

प्रश्न: नारायण पेठेत आमच्या वाड्यात दोन खोल्या आहेत, कॉट बेसिसवर एमपीएससीची मुलं ठेवतो. एका खोलीत चार कॉट, कॉटला साडेतीन हजार. आजूबाजूला पाच हजार घेतात. मी वाढवले तर मुलं जाणार नाहीत, जागाच नाहीये कुठे. पण बीड-परभणीची मुलं, शेतकऱ्यांची, हात धजत नाही. (एक वाचिका, पुणे)

उत्तर: मग धजवू नका. तुमच्या खोल्यांवर कर्ज नाही असं तुम्हीच लिहिलंय आणि आठ कॉटचे महिना 28 हजार येतायत.

या मुलांचं भाडं इतर भाड्यांसारखं नाही, कारण किती महिने द्यायचं हे त्यांच्या हातात नसतं. 2024 ला ऑगस्टमधली पूर्वपरीक्षा पुढे गेली, मुलांनीच आंदोलन केलं होतं, बँकेच्या परीक्षेची तारीख त्याच दिवशी आली म्हणून, आणि ती झाली थेट 1 डिसेंबरला. मागणी रास्त होती, पण तीन महिन्यांची कॉट, मेस, अभ्यासिका असा खर्च गावाकडून आणखी मागवावा लागला. कुणाच्या तरी सोयाबीनच्या पैशातून तो आला.

तुम्हाला वाढवावंसं वाटलंच, म्हणजे पाणीपट्टी, वीज वाढली म्हणून, तर दोनशे-तीनशे वाढवा आणि जुन्या मुलांना त्यांची परीक्षा होईपर्यंत जुनाच रेट ठेवा. डिपॉझिट एका महिन्यापेक्षा जास्त घेऊ नका आणि मुलगा गावी जाताना त्याच दिवशी परत द्या, "घरून मागवतो" म्हणत बसू नका, परतीचं एसटीचं तिकीटही कधीकधी त्यातूनच काढायचं असतं. चार कॉटच्या जागी पाचवी मात्र टाकू नका, भाडं कमी असलं तरी. आणि कॉट बेसिस असलं तरी प्रत्येकाचं अॅग्रीमेंट करा, पोलिसांकडे माहिती द्या, त्यात मुलांचंही संरक्षण आहे. बाथरूमच्या गीझरचं तुम्ही विचारलंत, तो सकाळी पाचला सुरू ठेवलात तर बरं, अभ्यासिका सहाला उघडतात.